न खाल्लेला पेढा

मला शुगर निघाली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त समाधान आमच्या ह्यांना झालं. काळजी होतीच, ती नाही म्हणत नाही मी. पण लग्न झाल्यापासून हा माणूस मला "अगं, ती बाटली ठेव खाली" म्हणत आला होता आणि लग्न झाल्यापासून मी ती बाटली तोंडाला लावत आले होते. आता डॉक्टरच त्यांच्या बाजूने उभे राहिले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना त्यांनी एका हाताने मला आधार दिला आणि दुसऱ्या हाताचं बोट हळूच मिशीवरून फिरवलं. ते मला बरोबर दिसलं.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचे. पोरांना 'सकस आहार' या विषयावर निबंध घालायचा आणि ते मान खाली घालून लिहीत असताना आपण मधल्या सुट्टीतल्या वडापावची वाट बघायची, असं माझं सगळं नोकरीभर चाललं. काष्टीच्या आठवडे बाजारात भाजीच्या पिशव्या भरून झाल्या की माझे पाय आपोआप भेळेच्या पालाकडे वळत. ओली भेळ, वर तळलेली मिरची, आणि त्यावर नारंगी रंगाच्या थंड्याची बाटली. झाकण उघडताना तो फस्सकन आवाज आला की माझा आठवड्याचा शीण निम्मा तिथेच उतरायचा. घरी फ्रीजच्या दारात मोठी बाटली कायम असायची. ती पाहुण्यांसाठी आहे असं मी सगळ्यांना सांगायचे. पाहुणे मात्र चहाच पिऊन जात, आणि बाटली तरीही आठवड्यात रिकामी होई. आमचे हे ती रिकामी बाटली हातात धरून विचारायचे, "कोण पाहुणे येऊन गेले गं? मी भेटलो नाही."

खारी, क्रीमची बिस्किटं, शेवचिवडा, फरसाण, बेकरीतला क्रीमरोल. काही म्हणून सोडलं नव्हतं. कुणी टोकलं की मी म्हणायचे, माणसाला एखादं तरी व्यसन पाहिजे, माझं हे स्वस्तातलं आहे. तसं मला वाटतही होतं.

शुगर निघाल्यावरही मी फार काही सोडलं नाही. गोळी घ्यायची आणि वर भेळ खायची, असा माझा मध्यममार्ग होता. निवृत्त झाल्यावर मात्र एकदा दुपारी वाचत बसले असताना पुस्तकातल्या ओळी वाकड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं छपाई खराब आहे. मग कॅलेंडर बघितलं, तर त्यावरचे चौकोनही वाकलेले. एक डोळा झाकून बघितलं, दुसरा झाकून बघितलं. डाव्या डोळ्याने तर मधोमध एक करडा डाग दिसत होता, आणि ज्याच्याकडे बघावं त्याचं नेमकं तोंडच त्या डागात जात होतं. समोर खुर्चीत बसलेल्या आमच्या ह्यांचा सदरा दिसत होता, कान दिसत होते, चेहरा नव्हता.

नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगरमुळे पडद्याला सूज आली आहे. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, महिन्यामागून महिना. उजव्यातही सुरुवात आहे. "इंजेक्शन मी देईन," ते म्हणाले, "पण तोंड तुम्हालाच सांभाळावं लागेल. बाटल्या बंद, गोड बंद, बेकरीचं आणि तळलेलं बंद. नाहीतर मी सूज उतरवणार आणि तुम्ही ती परत चढवणार, असं किती दिवस चालायचं?"

मी शिक्षिका. रागावून घ्यायची मला सवय नाही, रागवायची आहे. पण त्या दिवशी गुपचूप ऐकून घेतलं, कारण माझ्या मनात त्यांच्या बोलण्यापेक्षा दुसरंच चाललं होतं. कोपरगावकडे दिलेली आमची एकुलती एक लेक तेव्हा गरोदर होती. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. डोक्यात सारखं एकच येत होतं, की ते बाळ माझ्या मांडीवर ठेवतील, आणि मला त्याचं झबलं दिसेल, टोपडं दिसेल, आणि तोंडाच्या जागी करडा डाग.

त्या दिवशी बाटली सुटली. मी सोडली असं म्हणवत नाही, कारण त्यात माझा मोठेपणा काही नव्हता. मी घाबरले होते, दुसरं काही नाही.

सोडणं मात्र सोपं गेलं नाही. पहिले काही दिवस डोकं दुखायचं, आणि माझा राग, जो एरवीही काही कमी नाही, तो घरभर फिरायचा. आमचे हे भांडं वाजवलं तरी चुकायचे आणि नाही वाजवलं तरी चुकायचे. बाजारात मी भेळेच्या पालाच्या पलीकडच्या अंगाने, मेथी-कोथिंबिरीच्या ढिगांमधून वाट काढत जायचे. मला साथ म्हणून ह्यांनीही बाहेरचं खाणं बंद केल्याचं जाहीर केलं. एकदा मात्र बाजारातून आले ते थेट मोरीत जाऊन चुळा भरायला लागले. मी जवळ गेले तर कांद्याचा आणि चिंचेच्या पाण्याचा वास. "भेळ खाल्लीत?" तर म्हणाले, "खाल्ली नाही, चाखली." मी दोन दिवस बोलले नाही. मग त्यांनी बाजारातून गरम फुटाण्यांची पुडी आणून माझ्यापुढे ठेवली. तेव्हापासून आमच्या घरात बाजारचा खाऊ म्हणजे फुटाणे.

आणि हळूहळू जिभेला कशाकशाची चव कळायला लागली. ज्वारीची भाकरी नुसती चावत राहिलं की तिची म्हणून एक गोडी उतरते, हे मला साठीला आल्यावर समजलं. ताक समजलं. कोवळी काकडी समजली. इतकी वर्षं मी हे सगळं साखरेने आणि तिखटमिठाने बुजवून टाकलं होतं. चुलीवरची भाकरी खाताना मला उगाच भरून यायचं, आणि ह्यांना वाटायचं मिरची लागली.

मी स्वतःला एकच नियम घालून घेतला होता. एकही नाही. एक पेढा, एक घोट, अर्धं बिस्कीट, काही नाही. नंतर डॉक्टर स्वतःच म्हणाले होते, एवढं कडक नको, क्वचित एखादा घास चालेल. पण मी माझ्या जिभेला ओळखते. तिला 'क्वचित' हा शब्द समजत नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. ते मला जमलं नाही. इंजेक्शनांच्या तारखा होत्या, डोळ्याला पट्टी, धूर नको, वाकायचं नाही. लेकीला मी सांगितलं की डोळ्याचं काम निघालंय, जास्त काही सांगितलं नाही. तशा अवस्थेत पोरीला घोर कशाला लावायचा? विहीणबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "मोतीबिंदू व्हय? आवो, मग तुमी अजाबात काळजी करू नका. पोर माझ्याकडंच राहूंद्या. मी करते तिचं समदं." मी मोतीबिंदू नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्यांनी डिंकाच्या लाडवांचं सुरू केलं होतं. आणि त्यांनी खरंच सगळं केलं. शेक-शेगडी, मालिश, बाळंतिणीचं पथ्यपाणी. लेकीच्या आईने करायचं ते सगळं तिच्या सासूने केलं, आणि तेही कुठे बोलून न दाखवता. त्या बाईंचे उपकार मी या जन्मात विसरणार नाही.

मुलगी झाली. त्यांच्या गावात रीत अशी की मुलगा झाला तर पेढे वाटायचे, मुलगी झाली तर जिलेबी. विहीणबाईंनी घरच्या म्हशीच्या दुधाचा खवा आटवला, स्वतः पेढे वळले आणि घरोघर पाठवले. लोक डबा उघडून विचारायचे, "पोरगा झाला व्हय?" तर त्या सांगायच्या, "न्हाई, लक्ष्मी आली. म्हनून पेढे." भावकीतल्या काहींनी नाकं मुरडली. त्यांनाही विहीणबाईंनी सुनवायचं सोडलं नाही. हे सगळं लेकीने फोनवर हसत हसत सांगितलं, आणि फोन ठेवून मी बराच वेळ रडले. माझ्या लेकीच्या वेळी आमच्या घरातून जिलेबीसुद्धा गेली नव्हती कुणाकडे.

सव्वा महिन्याने बारसं ठेवलं. आम्ही दोघं सकाळीच एसटीने निघालो. उसाचे दिवस होते, राहुरीच्या पुढे सगळा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी अडलेला. एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी मात्र प्रत्येक ट्रॉलीमागे मी एक डोळा झाकून तिच्या नंबरच्या पाटीवरचे आकडे वाचून बघत होते. आकडे सरळ दिसत होते. डाग होता, पण फिकट झाला होता.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचं अन्न घ्यायचं नाही, पाणीही नाही, अशी आमच्याकडची जुनी चाल. मला ती कधी पटली नाही. पण आमचे हे बाकी सगळ्या बाबतीत मऊ आणि एवढ्या एका बाबतीत दगड. त्यामुळे इतकी वर्षं आम्ही लेकीकडे जायचो ते आपला डबा आणि आपलं पाणी घेऊन. विहीणबाई पदर खोचून समोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या पान्याला काय वास येतोय का इहीनबाई? या एकदा नातवंडाच्या बारशाला. मग बघते तुमच्याकडं." म्हणजे त्या दिवसाची त्याही वाट बघत होत्या.

बाळ मांडीवर आलं आणि मी त्याचं तोंड बघितलं. उजव्या डोळ्याने स्वच्छ, डाव्याने थोडं धूसर. नाक चपटं, ओठ अगदी लेकीचे, डाव्या भुवईपाशी मोहरीएवढा तीळ. मी तो तीळ एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघितला. दोन्ही डोळ्यांना दिसला. बायका हसायला लागल्या, आजी नातीला डोळा मारतेय म्हणून.

पाळणा झाला. आत्याने कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या. बाहेर मांडवात आमचे हे व्याह्यांच्या शेजारी बसून पेढ्यांवर ताव मारत होते, खिडकीतून दिसत होतं. तेवढ्यात विहीणबाई ताट घेऊन माझ्यासमोर आल्या. ताटात घरचे पेढे. साऱ्या बायका गोल करून बसलेल्या. "आता तुमची रीत फिटली," त्या म्हणाल्या. "आता पयला घास माझ्या हातचा." आणि त्यांनी पेढा माझ्या ओठाशी आणला.

वेलदोड्याचा वास आला. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला सांगू? पण मान आपोआप मागे गेली.

"नको, विहीणबाई. मला चालत नाही."

"आवो, एका पेढ्यानं काय हुतंय?"

"खरंच नको."

त्यांनी पेढा परत पुढे केला. मी परत मान फिरवली. इतकी वर्षं ज्या घरचं पाणी घेतलं नाही, त्या घरचा पहिला घास, आणि तोही त्या बाईच्या हातचा, मी दोनदा नाकारला. कोपऱ्यात जावयांची एक चुलत आजी भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरगी हाय म्हनून नको वाटतंय. पोरगा आस्ता तर ताट पुसून खाल्लं आस्तं. म्हनून तर बाळंतीन झाल्यावर बी न्येली न्हाई लेकीला."

विहीणबाईंचा हात खाली आला. सगळ्या गावाला ठणकावून पेढे वाटणारी ती बाई, पण तिचा चेहरा उतरला. तेही मी सोसलं असतं. पण मी लेकीकडे बघितलं, आणि बाळाला छातीशी धरून ती माझ्याकडे बघत होती. क्षणभरच, पण तिच्या डोळ्यांत मला शंका दिसली. आपल्या आईलाही नको होती का ही?

मग माझा राग सुटला. वर्गात सुटायचा तसा.

"मला ही नको?" मी म्हणाले. "अहो, मला हिचं तोंड बघायचंय म्हणून मी तोंडाला कुलूप लावलंय! माझा मोतीबिंदू नाही. शुगरने माझ्या डोळ्याचे पडदे सुजलेत. डोळ्यात सुया टोचून घेतेय मी. गोड खाल्लं तर डोळे जातील असं डॉक्टरांनी सांगितलंय. ही पाळण्यात होती तेव्हा कशी दिसायची, हे मला कुणी सांगायला नको. मला स्वतः बघायचंय. ही चालायला लागेल तेव्हा बघायचंय, पाटीवर पहिलं अक्षर काढेल ते बघायचंय. कुणाच्या मानापानासाठी मी ते घालवणार नाही. आणि पोरगी म्हणून? माझ्या लेकीच्या वेळी कुणी दारात उभं राहिलं नाही. हिच्या आजीने गावभर पेढे वाटले. त्या पेढ्याला मी नाव ठेवेन?"

लेक रडायला लागली. विहीणबाई मात्र हलल्या नाहीत.

"डोळं जानार हुतं?" त्यांनी विचारलं.

"जाणार होते. अजूनही जपावं लागतंय."

"आन मला सांगितलं न्हाई."

"तुम्हीच मोतीबिंदू म्हणालात."

"मी म्हनले आन तुमी ऐकून घ्येतलं? वर्गात पोरं चुकली तर ऐकून घ्येता व्हय?" त्या खरंच चिडल्या होत्या. "इहीन म्हनायचं, आन दुखनं लपवायचं. मी परकी हाय का?" असं म्हणून त्यांनी ताट तिथेच ठेवलं आणि तरातरा आत निघून गेल्या. स्वयंपाकघरात भांडी वाजली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला वाटलं, संपलं. लेकीच्या घरच्या आनंदावर मी आज कायमचं विरजण घातलं.

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वाटी होती. सकाळच्या ताकावरचं लोणी, पांढरं, गारेगार. वाटीला पाण्याचे थेंब लागलेले.

"लोनी चालतं का तुमच्या डाक्टरला?"

"चालतं," मी म्हणाले. "थोडं."

त्यांनी बोटावर लोणी घेतलं आणि माझ्या तोंडात घातलं. मग ताटातला तोच पेढा उचलून कोपऱ्यातल्या चुलत आजीच्या तोंडात कोंबला. "तुमी खावा आत्या. तुमाला शुगर न्हाई, नुसतंच तोंड कडू हाय." साऱ्या बायका खो-खो हसल्या. म्हातारीही हसली, पेढा चघळत. आमचे हे आवाज ऐकून दारात आले, मिशीला पेढ्याचे कण लागलेले, आणि विचारायला लागले की काय झालं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. डावा डोळा पूर्वीसारखा नाही, पण डॉक्टर म्हणतात, आहे तिथे थांबलाय. बाटलीची आठवण कधीकधी येते, विशेषतः उन्हाळ्यात, एसटी स्टँडवर कुणी झाकण उघडलं की. मग मी ताक शोधते. मला वाटायचं, एवढं सगळं सोडल्यावर म्हातारपण फिकं जाईल. तसं झालं नाही. सुटलं त्यापेक्षा हातात आलं तेच जास्त, असं मनापासून वाटतं, आणि ते मी कुणापुढेही म्हणायला तयार आहे. विहीणबाईंकडे गेलं की लोण्याची वाटी तयार असते. त्यांनी स्वतःचाही चहा बिनसाखरेचा केलाय, "तुमची संगत लागली" म्हणतात.

नात आता बालवाडीत जाते. लहानपणापासून बघत आल्यामुळे तिची खात्री आहे, की आजी आली म्हणजे तिला लोणी भरवायचं असतं, सगळ्यांच्या आज्यांना भरवतात. परवा मी उंबऱ्यातून आत पाऊल टाकलं, तर ती वाटी घेऊन पळत आली. बोटावरचं लोणी मनगटापर्यंत ओघळलेलं.

"आजी, आ कर."

मी आ केला. तिने लोणी तोंडात घातलं, अर्धं हनुवटीला लावलं. मी तिला खिडकीपाशी उजेडात नेलं आणि तिची हनुवटी धरून चेहरा वर केला. नाक आता चपटं राहिलेलं नाही. भुवईपाशी तीळ. मी एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा झाकून.

ती वैतागली. "किती बघती गं आजी!"

"बघू दे," मी म्हणाले.